उचल घेतलेला कोड

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला, की तो बॉसचा नसू दे एवढीच आपली प्रार्थना असते. ऑक्टोबर २०१६ मधल्या त्या शनिवारी तो बॉसचा नव्हता. मंचरहून अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझ्या मामांचे साडू. आंबेगाव तालुक्यातले बटाट्याचे आडते. एरवी फोनवर आधी 'जेवलीस का, पाऊस आहे का' विचारणारा माणूस. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आला.

"ताई, तुझं मशीन शेतकऱ्यांचे पैसे कापतंय बघ."

मी झोपेतच म्हटलं, "अण्णा, मशीन नाही, सॉफ्टवेअर."

"जे काय असंल ते. कापतंय."

उठून बसले. कारण ते सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. म्हणजे, खरं सांगायचं तर, त्यातलं बरंचसं मी लिहिलंच नव्हतं. आजचा विषय नेमका तोच आहे.

पंधरा मिनिटांत संसार

गोष्ट सुरू होते २०१४ मध्ये, जुन्नर तालुक्यात. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार तुम्ही पाहिला नसेल, तर नाशिक हायवेने जाताना सीझनमध्ये एकदा गाडी थांबवा. वीस-वीस किलोच्या क्रेटचे मनोरे, पिकअपच्या रांगा आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. तिथे मामांचा गाळा. माल विकला गेला, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. किती क्रेट, काय भाव, त्यातून हमाली किती, तोलाई किती, तेव्हाच्या नियमाने आडत किती, आधी घेतलेली उचल किती कापली, आणि शेवटी हातात किती. मामांकडे हे सगळं वहीत चालायचं. सीझनला रात्री अकरापर्यंत मामी आकडे तपासत बसायच्या.

हिंजवडीत चार वर्षं काढलेली भाची हे बघून गप्प बसेल का? "मामा, तुम्हाला दोन दिवसांत करून देते," मी म्हटलं.

आणि दीड दिवसात दिलं! मामी म्हणाल्या, "पोरगी हुशार निघाली." मी काही ते नाकारलं नाही.

पण हुशारी माझी नव्हती. ती रूबी ऑन रेल्स नावाच्या वेब फ्रेमवर्कमधल्या एका कमांडची होती. तुमच्यापैकी ज्यांचा कोडशी संबंध डेव्हलपर लोकांसोबत लिफ्टमध्ये उभं राहण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'पट्टी' नावाची एक गोष्ट आहे, तिच्यात शेतकऱ्याचं नाव, क्रेट, भाव, तारीख असे रकाने आहेत, एवढं एका ओळीत टाइप करायचं आणि एंटर मारायचं. डेटाबेसमधलं टेबल बनवणारी फाइल, यादीचं पान, नवी नोंद भरायचा फॉर्म, दुरुस्तीचं पान, काढून टाकायची सोय, टेस्टच्या फाइल्स, सगळं धडाधड तयार होऊन पडतं. याला कोड जनरेटर म्हणतात. रेल्समधल्या या जनरेटरचं नाव स्कॅफोल्ड, म्हणजे परांची. इमारत बांधताना गवंडी जिच्यावर उभे राहतात ती. नावातच सांगितलंय, की ही तात्पुरती आहे. पण नावं वाचतो कोण!

रेल्स २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने लोकांसमोर आणलं. २००५ मध्ये त्याने पंधरा मिनिटांत एक ब्लॉग बनवून दाखवला. तो व्हिडिओ बघून जगभरच्या डेव्हलपर्सनी आपापल्या मॅनेजरकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. आम्ही महिनोन्महिने जे करतो ते पंधरा मिनिटांत? मग ग्रेल्स आलं, सिंफनीमध्ये तशी सोय आली, पुढे लाराव्हेलमध्ये आली, अँग्युलरमध्ये आली. आज बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये 'अमुक बनवून दे' अशी एखादी कमांड असते.

वर्षभरात एका लग्नात अण्णांनी मामांच्या मोबाइलवर पट्ट्या पाहिल्या. "आमच्या बटाट्यालाबी असलं काहीतरी कर की." केलं! जनरेटर पुन्हा चालवला. क्रेटच्या जागी पिशवी, टोमॅटोच्या जागी बटाटा. मामांचं एक सॉफ्टवेअर, अण्णांचं दुसरं. जुळी भावंडंच म्हणा ना.

जमेची बाजू

आता अण्णांचा फोन मिनिटभर होल्डवर ठेवू. कारण 'जनरेटर वाईट' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते खोटं आहे.

पहिली जमा, वेळ. त्याच त्याच प्रकारचे फॉर्म हाताने लिहिण्यात काही पुण्य नाही. हाताने लिहिताना आपण कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस चुका करतो. जनरेटरला कंटाळा येत नाही.

दुसरी, शिस्त. जनरेटर प्रत्येक फाइल ठरलेल्या नावाने ठरलेल्या जागी ठेवतो. टीममध्ये सोमवारी जॉइन झालेला मुलगा मंगळवारी सांगू शकतो, की पट्टीचा फॉर्म कुठे सापडेल. अनोळखी स्वयंपाकघरात पहिल्याच डब्यात साखर सापडली, तर कसं वाटेल? तसं.

तिसरी, शिकवणी. नवख्या माणसाला कोऱ्या फाइलपेक्षा चालता कोड समोर असलेला बरा. मी रेल्स शिकले ते त्यानेच लिहिलेल्या फाइल्स वाचून.

आणि चौथी, सुरक्षेचे धडे. मार्च २०१२ मध्ये एका रशियन प्रोग्रामरने गिटहबच्या साइटमधलं एक भोक सगळ्यांना दाखवून दिलं. फॉर्ममधून आलेली माहिती न चाळता जशीच्या तशी आत घेतली जात होती. त्याने फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवला आणि खुद्द रेल्सच्या प्रोजेक्टमध्ये बदल करण्याचा हक्क स्वतःला मिळवून घेतला. तेव्हाचा स्कॅफोल्डही फॉर्म असाच आत घ्यायचा. २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ पासून कुठले रकाने स्वीकारायचे त्याची यादी स्कॅफोल्ड स्वतःच लिहून देऊ लागला. ज्याला हा धोका माहीतही नव्हता, त्याच्याही कोडमध्ये कुलूप आलं.

नावेची बाजू

पण हाच किस्सा उलटा वाचा. ते कुलूप फक्त नव्या फाइल्सना मिळालं. २०१० मध्ये जनरेट केलेल्या फाइल्स होत्या तशाच राहिल्या. जनरेटर सुधारला म्हणून त्याने आधी लिहिलेला कोड सुधारत नाही. एंटर मारल्याच्या क्षणापासून तो कोड तुमचा. खाल्ली भाकरी आणि सांडलं पीठ, दोन्ही तुमच्याच नावावर.

दुसरी गोष्ट, तो मागितल्यापेक्षा जास्त देतो. मी पट्ट्यांचा फॉर्म मागितला, त्यासोबत पट्टी काढून टाकायचं बटणही आलं. लॉगिन आलं नाही, ते मी नंतर लावलं. आता मला सांगा, वहीत पट्टी 'डिलीट' होते का? चुकली तर आडवी रेघ मारून खाली नवी नोंद करतात. जुनी दिसत राहते, म्हणून तर वहीवर विश्वास. मामांच्या धंद्यातली ही साधी रीत जनरेटरला माहीत असायचं कारण नव्हतं. मला असायला हवी होती.

तिसरी, पुन्हा चालवायची पंचाईत. २०१५ मध्ये मामांना गाडीभाड्याचा रकाना हवा होता. आळस केला, आणि तीच कमांड 'फोर्स' लावून परत चालवली. नवा रकाना आला. मी हाताने केलेले सगळे बदल, मराठी लेबलं, हिशेबाची सूत्रं, पुसून गेली. गिटमध्ये जुनी प्रत होती म्हणून वाचले.

आणि चौथी, सगळ्यात महाग पडणारी. जनरेटरमुळे नक्कल स्वस्त होते. एकदा नक्कल स्वस्त झाली, की आपण विचार न करता करत सुटतो. आडतीचं सूत्र मी स्क्रीनच्या पानात लिहिलं. छापायच्या पानात पुन्हा लिहिलं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये पुन्हा. पानं वेगवेगळी तयार मिळाली होती ना, मग प्रत्येकात डकवलं! वर दोन गावांची दोन सॉफ्टवेअर. एकच नियम, सहा जागी.

पठारावरचे बाबा

आणि जुलै २०१६ मध्ये तो नियमच बदलला. राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेरची फळं-भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त केली, आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. पेपरात मोठमोठे मथळे, आडते-व्यापाऱ्यांचे संप, बैठका. या सगळ्याचा माझ्या दृष्टीने अर्थ एवढाच होता, की सूत्र बदलायचं.

टोमॅटोचा सीझन चालू होता, म्हणून मामांचं काम त्याच रात्री केलं. तिन्ही पानं शोधून दुरुस्त केली. पठारावरचा पावसाळी बटाटा निघायला अजून वेळ होता, त्यामुळे अण्णांचं काम मागे पडलं. मध्ये ऑफिसात एक रिलीज होतं. शेवटी एका रविवारी घाईघाईत केलं. स्क्रीनचं पान दुरुस्त केलं, रिपोर्ट दुरुस्त केला. छापायचं पान राहिलं.

म्हणजे झालं असं, की अण्णांना स्क्रीनवर हिशेब बरोबर दिसत होता. प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदावर मात्र आडत कापलेली होती. आणि पैसे दिले जात होते ते कागदावरून.

पकडलं कोणी? सातगाव पठारावरून आलेल्या एका सत्तरीच्या बाबांनी. चाळीस पिशव्या, पन्नास किलोची एक, म्हणजे वीस क्विंटल. बाराशेचा भाव. चोवीस हजार. त्यातून शेकडा सहाने एक हजार चारशे चाळीस रुपये कापलेले. बाबांनी पट्टीच्या मागे पेन्सिलने हिशेब मांडला आणि कागद अण्णांच्या पुढ्यात सरकवला. "आडत बंद झाली म्हनत्यात. मग ही कशाची?"

अण्णांनी त्यांना स्क्रीन दाखवली. बाबा म्हणाले, "त्यातलं मला दिसत न्हाई. माझ्या हातात ह्यो कागद हाय."

मी दुपारपर्यंत मंचरला पोचले. अकरा दिवसांच्या पट्ट्या काढल्या. त्रेसष्ट निघाल्या. अण्णांनी एकेका शेतकऱ्याला फोन लावून पैसे परत केले. ती आडत मग खरेदीदारांकडून मागायची वेळ आली. काहींनी दिली, काहींनी "आता कसली मागताय?" म्हणून हात वर केले. तो खड्डा अण्णांनी स्वतःच्या खिशातून भरला. मी अर्धा भरते म्हटलं, तर घेतला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, पैशाचं जाऊ दे. लोकं म्हनतील अण्णाने मुद्दाम कापले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिटमधून कोड परत आणता येतो. आडत्याचं बाजारातलं नाव तसं आणता येत नाही.

खोडदचा पोगो

त्या संध्याकाळी मुक्कामाला मामांकडे आले. गॅलरीतून पूर्वेला खोडदकडे बघत बसले होते. तिथली जीएमआरटीची दुर्बीण तुम्हाला माहीत असेल. नव्वदच्या दशकात प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. शाळेत असताना विज्ञान दिनाला आमची सहल ठरलेली असायची.

तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं, की या दुर्बिणीच्या नव्या नियंत्रण प्रणालीसाठी टँगो नावाचं फ्रेमवर्क वापरलं गेलं आहे. फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉन संशोधन केंद्रात त्याचा जन्म झाला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली एसकेए ही महादुर्बीणसुद्धा टँगोवरच चालणार आहे. हे काही वेब फ्रेमवर्क नव्हे, ते मोठमोठी यंत्रं हलवणारं फ्रेमवर्क आहे. पण त्याच्यासोबतही एक कोड जनरेटर येतो. नाव पोगो! कार्टून चॅनलचा नव्हे हो.

म्हणजे ज्यांची एक चूक शेकडो टनांच्या लोखंडाला भलतीकडे वळवू शकते, ती मंडळीही जनरेटर वापरतात. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

पोगो फाइल लिहितो तेव्हा तिच्यात ठरावीक जागी खुणा करून ठेवतो. इथून सुरू, इथे संपलं. या खुणांमधला भाग माणसाचा, त्याला 'प्रोटेक्टेड रीजन' म्हणतात. उपकरणाची व्याख्या बदलली, जनरेटर दहा वेळा पुन्हा चालवला, तरी त्या खुणांच्या आत तो हात घालत नाही. बाहेरचा भाग त्याचा, तो खुशाल नव्याने लिहितो. शेताला बांध असतो ना, तसं. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे तू.

माझ्या पट्टीच्या कोडला बांधच नव्हता. कुठली ओळ जनरेटरची, कुठली माझी, हे दोन वर्षांनी मलाही सांगता येत नव्हतं.

मग वापरायचा की नाही?

वापरायचा. मी आजही वापरते. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, तीही मामांच्याच धंद्यातून. शेतकरी हंगामाच्या सुरुवातीला आडत्याकडून उचल घेतो. बी-बियाणं, खतं, मजुरी भागते. उचल वाईट नसते. तिच्याशिवाय कित्येकांची लागवड व्हायची नाही. पण ती पट्टीतून कापली जाते, आणि घेतलेला प्रत्येक जण ती लक्षात ठेवतो. जनरेटरने वाचवलेला वेळ ही अशीच उचल आहे. शुक्रवारी वाचलेले दोन दिवस पुढे वाचण्यात, छाटण्यात, एकत्र करण्यात फेडावे लागतात. मी फेडायचे विसरले, आणि माझी उचल पठारावरच्या बाबांच्या पट्टीतून कापली गेली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत फेड केली. दोन सॉफ्टवेअरचं एक केलं. टोमॅटो की बटाटा, क्रेट की पिशवी, हे फक्त सेटिंग. आडतीचं सूत्र एकाच जागी, बाकी सगळी पानं त्यालाच विचारतात. डिलीटचं बटण काढलं, उलट नोंदीची सोय केली. आणि स्क्रीनवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच आहे ना, हे तपासणारी एक टेस्ट लिहिली. तिचं नाव 'बाबा' ठेवलंय. आजही ती रोज पळते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं स्कॅफोल्ड वगैरे जुनं झालं. आता एआय आहे! अगदी बरोबर. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला, आणि आता तर मराठीत सांगितलं तरी कोड मिळतो. पण बॉस, तो जनरेटरच आहे, फक्त फार मोठा. आणि एका बाबतीत जुन्याहून अवघड. स्कॅफोल्ड एकाच कमांडला दर वेळी तेच लिहितो. एकदा नीट वाचला की ओळखीचा होतो. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारा, दोन उत्तरं येतील. म्हणजे वाचायचं काम कमी नाही झालं, वाढलंय.

एंटर मारण्याआधी

– जे हवंय तेवढंच मागा. फक्त यादी आणि फॉर्म हवा असेल, तर बाकीच्या वाटा त्याच दिवशी बंद करा.

– जनरेट झालेला कोड कुठलाही बदल न करता आधी गिटमध्ये टाका. तुमचे बदल त्यानंतर. मग कोणाचं काय, हे वर्षांनंतरही कळतं.

– पैशाचा नियम जनरेटरच्या फाइलमध्ये लिहू नका. त्याला स्वतःची वेगळी फाइल द्या, एकच.

– जनरेटर दुसऱ्यांदा चालवायचा मोह झाला, तर थांबा. नक्कल हवी आहे, की आहे तेच थोडं मोठं करायचं आहे?

– जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती ठेवू नका.

– आणि ज्याच्या हातात शेवटी कागद जातो, त्याला तो एकदा दाखवा.

अण्णांच्या गाळ्यावर आता कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, आणि शेजारी जुनी वहीही आहे. "ती कशाला हो अण्णा?" मी मागे विचारलं होतं. म्हणाले, "असू दे. तुझ्या मशीनला सोबत."

या वेळी मी 'सॉफ्टवेअर' म्हणून सुधारलं नाही.